शिशाचं अक्षर

देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात मी एकोणतीस वर्षं
एक्स-रे काढले.
माणसांना आतून ओळखतो म्हणायचो, गमतीनं.
आता तेच शपथेवर विचारतायत.

फिल्म माझीच. कोपऱ्यात माझंच अक्षर.
सत्यवान कोयंडे, वय पंधरा, ताप, खोकला,
ऑगस्ट एकोणनव्वद.
हृदयाचं टोक उजवीकडे.
तेव्हा वाटलं, मीच उलटी टांगली;
फिक्सरचा वास मारणाऱ्या बोटांनी फिरवून पाहिली,
मग पुन्हा फिरवली.

नऊ वर्षांनी 'माउलीप्रसाद' पाच जणांसकट गेली.
चौघं कुणकेश्वरच्या अंगाला लागले.
सत्यवान लागला नाही.
सात वर्षं वाट बघून
दर्भाचा पुतळा जाळला, दाखला काढला,
होडी धाकट्या अंकुशच्या नावावर झाली.

आणि आता वेरावळकडून एक माणूस आलाय, पन्नाशीचा,
बोलताना मध्येच गुजराती घसरणारा.
म्हणतो, मीच तो.
कणकवलीच्या डॉक्टरनं नळी डावीकडे लावली.
काही नाही.
उजवीकडे लावली.
ठोके.

दहा हजारांत एक, तिरोडकर वकील म्हणाले,
असा योगायोग असतो का, साहेब?
अंकुशच्या वकिलानं नुसता कागद पुढे सरकवला.
डीएनए.
बापाकडून मुलात उतरणारी खूण दोघांची निराळी.
आईकडची जुळते,
पण ती या पट्ट्यात दर वीस माणसांत एकाची जुळेल.

मी आकडे शिकलो नाही, मोजत आलो.
दहा हजारांत एक, कबूल.
पण रत्नागिरी ते कारवार खलाशीच किती;
त्यांत असे उजवे चार-पाच निघतील,
आणि देवगडच्या उजव्या पोराची गोष्ट
कुठल्या बोटीवर रात्री सांगितली गेली नसेल?

शिवाय एक, जे कोणी विचारलं नव्हतं.
त्या महिन्यात शिशाचं अक्षर टेबलामागे पडून हरवलं होतं.
फिल्म सुकली की मी पेनानं 'डा' लिहायचो,
आणि चूक व्हायची. शंभरात एक म्हणा.
म्हणजे त्या जुन्या फिल्मपुरतं
माझी चूक देवाच्या चुकीपेक्षा शंभर पट सोपी.
हे मी सांगितलं.
टाइप करणाऱ्या बाईंनी मान वर करून विचारलं,
'डा' म्हणजे काय?

न्यायाधीश कागद वाचत होते, ओठ हलवत.
मग म्हणाले, हा अहवाल एवढंच सांगतो
की ही दोघं एका बापाची नाहीत.
कोण नाही, ते सांगत नाही.
अंकुश वर पंख्याकडे बघायला लागला,
आणि बराच वेळ बघत राहिला.

बाप कधीच राख झाला. आई परवाच्या शिमग्यानंतर.
उरली शेवंती, कारवारला दिलेली.
तिचं रक्त घेतलं की काटा कुठेतरी झुकणार.

ती आली. पिशवीत दोन डबे, एकाच मापाचे.
नर्सनं दंडाला रबर बांधलं, शीर शोधली.
शेवंतीनं सुईकडे पाहिलं, मग दारातल्या त्या दोघांकडे.
"दर्यान एक परत दिल्यान.
आता माझ्या रगतान दुसरो कित्याक घालवू?
मी देवचंय नाय."
रबर तिनंच सोडलं.
दंडावर वळ राहिला, तेवढाच पुरावा.

परवा मी बंदरावर गेलो होतो, बांगडा बघायला.
दोघं एकच जाळं शिवत बसलेले,
हा या टोकाला, तो त्या टोकाला, बोलणं नाही.
सवयीनं मी गाठी बघितल्या.
सारख्या होत्या.
पण तशी गाठ इथे सगळेच मारतात.

पुढची तारीख सतरा जून.
तोवर बंदी लागलेली असेल, होड्या वर ओढलेल्या.
दोघंही घरीच असतील.